काढलेलं गाणं

बिरप्पाला मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा तो वर्गाबाहेर उभा होता, आणि त्याला बाहेर मीच काढलं होतं. अकरावीला मी मराठी शिकवत होते. फळ्याकडे वळले की मागच्या बाकावरून ठकठक, ठकठक सुरू. "कोण आहे रे तो सुतार?" म्हणून ओरडले, तर सांगोल्याकडच्या धनगरवस्तीवरून शिकायला आलेला एक उंच, लाजाळू मुलगा उभा राहिला. "हात ऐकत न्हाय बाई," म्हणाला. मी म्हटलं, मग हाताला घेऊन बाहेर उभा राहा. तो निमूट बाहेर गेला आणि तिथल्या लोखंडी कठड्यावर वाजवायला लागला.

मला गोंगाट सोसत नाही हे आधीच सांगून टाकते. सरोजिनीबाईंच्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू येते असं मुलं म्हणायची, आणि मला त्याचा गर्व होता. तरी त्या वर्षी स्नेहसंमेलनात बिरप्पानं घरचा मोठा ढोल आणला, एका बाजूला काठी आणि दुसऱ्या बाजूला हात असा वाजवायला सुरुवात केली, तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले. का उठले ते आजही सांगता येणार नाही. प्राचार्यही उठले होते म्हणून कुणी हसलं नाही, एवढंच.

तो ढोल दुसऱ्या कॉलेजातल्या उदयसिंह नावाच्या मुलानं ऐकला. त्याच्याकडे गिटार होती, दोन मित्र होते आणि रॉक बँड काढायचं वेड होतं. सोलापुरात तेव्हा बँड म्हणजे लग्नातला. लोक त्यांना रस्त्यात अडवून विचारायचे, "वरात कुठली?" बँडचं नाव त्यांनी 'चव्वेचाळीस' ठेवलं, कारण ठेवलं त्या दिवशी पारा तिथं होता.

नव्व्याण्णव साली त्यांनी कॅसेट काढली. पुण्याला तीन दिवस रेकॉर्डिंग झालं. तिच्यातलं 'टँकर' हे गाणं बिरप्पाचं. शब्द उदयसिंहचे, चालही त्याचीच, पण गावात टँकर शिरतो आणि बायापोरं हंडे घेऊन पळत सुटतात, ती पळापळ सगळी ढोलावर होती. सुरुवातीला तर मिनिटभर नुसता ढोल. कॅसेट गाजली आणि बँड पुण्याला गेला. जाताना बिरप्पाला म्हणाले, "ढोल गाडीत मावत नाही रे. मोठी गाडी घेतली की बोलावतो." पुढं त्यांनी अख्खी बस घेतली, तिच्यावर चौघांची चित्रं रंगवून घेतली. ती बस सोलापुरातूनही दोनदा गेली. बोलावणं काही आलं नाही. मी त्याच्या जागी असते तर त्या उदयसिंहाला भर रस्त्यात उभं करून विचारलं असतं. बिरप्पा म्हणाला, "आता त्येंच्याकडं विलायती ड्रम हाय बाई. त्यो घडी होतोय."

मग तो टॉवेलच्या कारखान्यात मागावर लागला आणि बावीस वर्षं तिथंच राहिला. एका पत्र्याखाली चाळीस यंत्रमाग एकदम चालतात, तिथं माणूस माणसाशी खुणेनंच बोलतो. माझ्या घरासमोरच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको सोजरबाई भाड्यानं राहायला आले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याला आधी डाव्या बाजूनं हाक ऐकू येत नाही, आणि मग उजव्याही. डॉक्टरांनी कानात घालायचं मशीन दिलं आणि सांगितलं, नस सुकत चालली आहे, उजव्या कानात आहे तोवर आहे. "किती दिवस?" मीच विचारलं. ते म्हणाले, "वर्ष धरा. कमीच धरा."

बिरप्पानं त्यावर काय विचारावं? "बाई, तवर माझं गाणं मिळंल का?"

त्याची स्वतःची कॅसेट टेपरेकॉर्डरनं कधीच खाल्ली होती. सोजरबाईनं पेन्सिल घालून टेप गुंडाळायचा प्रयत्न केला, तर ती तुटली. दुसरी प्रत शोधूनही कुणाकडे सापडली नाही. ज्या कंपनीनं ती छापली ती बंद पडली, आणि पुढं बँडची सगळी गाणी मोबाइलवर आली तरी त्या पहिल्या कॅसेटमधली आली नाहीत. "वाजवणाऱ्याला वाजवताना ऐकू येत नसतंय बाई," तो मला समजावून सांगायचा, मीच अकरावीत असल्यासारखं. "त्यो नुसता हाणत असतोय. कसं वाजलं ते मागनं ऐकायचं असतंय. मी ते दोनदाच ऐकलंय. तवा वाटलं, हाय की आता, कवाबी ऐकू."

दसऱ्याच्या सुमारास एके सकाळी तो उलट्या चपला घालून माझ्या दारात आला. मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. 'चव्वेचाळीस'ला पंचवीस वर्षं झाली होती आणि बँडचा निरोप आला होता: "पंधरा गाजलेल्या गाण्यांचा संच येतोय! सगळी गाणी जुन्या टेपवरून साफ करून! बारा ठरली आहेत. उरलेल्या चारांपैकी कोणतं काढायचं, हे तुम्ही ठरवा!" खाली चार नावं आणि प्रत्येकापुढे एक चौकोन. तिसरं नाव 'टँकर'.

"काढायचं म्हंजी?" बिरप्पानं विचारलं.

आता ऐका. एकतीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईनं चष्मा नाकावर नीट केला आणि सांगितलं, "काढायचं म्हणजे प्रसिद्ध करायचं. दिवाळी अंक काढतात, पुस्तक काढतात, तुम्ही कॅसेट काढलीत, तसं. चारांतलं एक गाणं काढणार आहेत. लोकांनी 'टँकर' म्हटलं की 'टँकर' निघेल." त्याला पटलं. त्यांच्या वस्तीवर तरी वाजवणाऱ्याला 'गाणं काढ' म्हटलं की तो वाजवायलाच लागतो. बारा आणि चार सोळा होतात आणि संच पंधराचा आहे, एवढी बेरीज दोघांपैकी एकानंही केली नाही.

पंधरा दिवसांची मुदत होती. एका मोबाइल नंबरवरून एक मत. चौकोनावर बोट ठेवलं की त्या फोनवर चार आकडी नंबर येणार, तो भरला की मत पक्कं. म्हणजे अनोळखी माणसाकडे जायचं आणि म्हणायचं, तुमच्या फोनवर आता ओटीपी येईल तो आम्हाला सांगा. आजच्या काळात यापेक्षा वाईट वाक्य शोधून सापडणार नाही.

कारखान्यात पाळी बदलताना तो दारात उभा राहायचा. मागावरच्या लोकांनी एकजात मतं दिली, घरच्यांचीही आणली. पण त्यानं भागेना. तो गावोगाव निघाला आणि मीही निघाले, कारण समोरचा काय बोलतो ते त्याला गर्दीत कळत नव्हतं. आयुष्यात मी शेजारी विरजणसुद्धा मागितलेलं नाही. ती मी मंद्रूपच्या बाजारात भाजीवाल्यांपुढे हात जोडत फिरत होते. तिथं एका कांदेवाल्यानं बिरप्पाची कॉलर धरली. "ओटीपी मागतोय! धरा रे ह्याला! बँक साफ करणारी टोळी हाय!" चारी बाजूंनी माणसं धावली. बिरप्पा कानामागं हात धरून एकेकाच्या तोंडाकडे बघत विचारत होता, "काय म्हंताय? जरा मोठ्यानं म्हना की." कुणीतरी त्याला थोबाडीत दिली. मशीन कानातून निघून कोथिंबिरीत पडलं. मी मध्ये घुसले आणि वर्गात ओरडायचे तशी ओरडले, "मागे व्हा सगळे! मी शिकवलंय याला! मी याची बाई आहे!" बाजार गप्प झाला. मग मी त्यांना गाणं, कान, डॉक्टर, सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता मला रडू आलं याचा मला भयंकर राग आला. कांदेवाल्यानं मशीन पुसून दिलं आणि स्वतःचा फोन पुढं केला. त्या दिवशी एकट्या मंद्रूपमध्ये दोनशेच्या वर मतं झाली.

अक्कलकोटला मठाच्या रस्त्यावर काशम्मा नावाची फुलवाली होती. तिचं घरचं बोलणं कन्नड. मी वाचून दाखवलेलं तिनं दोनदा ऐकलं आणि विचारलं, "गाणं तेगीबेका, हाकबेका? काढायचं का घालायचं, नीट सांग की."

"अहो, काढायचं म्हणजेच घालायचं!" मी वैतागून म्हटलं.

काशम्मानं बिरप्पाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एवढी शिकलेली बाई सांगते म्हणून बोट ठेवलं.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी अकरा वाजता, सोलापुरातच, नाट्यगृहात संच बाहेर पडायचा होता. बिरप्पानं नवा सदरा शिवला होता. कानातल्या मशीनला नवी बॅटरी. कारखान्यातले पन्नासेक जण मागच्या रांगांत, मी आणि तो पुढं. सोजरबाईला त्याच दिवशी माहेरी जावं लागलं होतं. "मला घरी आणून ऐकवा," म्हणाली, "मी तरी कुटं ऐकलंय ते."

उदयसिंह रंगवलेल्या केसांनी स्टेजवर आला. गिटारवर एक तुकडा वाजवला. मग उदयसिंह माइकवर म्हणाला, "एक गाणं मात्र तुम्ही काढलंत! बाकीच्या तिन्हींना चारशे-पाचशे मतं. पण एका गाण्याला, मंडळी, एकट्या सोलापूर जिल्ह्यातून तीन हजार चारशे! 'टँकर' काढा म्हणून! सोलापूरकरांचं डोकं सटकलं की असं सटकतं! आम्ही काय करणार, काढून टाकलं बाबा!"

मागून शिट्ट्या सुरू झाल्या. कारखान्यातली मंडळी खुर्च्यांवर उभी राहिली. बिरप्पाच्या कानात त्या गलक्यातून 'टँकर', 'तीन हजार' आणि 'काढलं' एवढंच शिरलं असणार. तो उठला. स्टेजकडे हात जोडले, मग मागं वळून सगळ्यांना हात जोडले, आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. मी त्याला थांबवलं नाही. 'काढून टाकलं' हे मी स्वच्छ ऐकलं होतं. साल काढतात, काटा काढतात, माणसाला घरातून काढतात. परीक्षेत मी या एका क्रियापदावर पाच मार्कांचा प्रश्न घालायचे. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता ही जमीन फाटावी.

बाहेर डब्या विकायला ठेवल्या होत्या. आत पेनड्राइव्ह आणि गाण्यांची छापील यादी. बिरप्पानं यादीवर बोट ठेवून वरपासून खालपर्यंत वाचलं. परत वरपासून. मग तिसऱ्यांदा.

"बाई, छपाईत ऱ्हायलंय जनू."

मी बोलले, पण त्या गर्दीत त्याला ऐकू जाईना. शेवटी त्याच यादीच्या मागं मी लिहिलं, "काढलं म्हणजे वगळलं. मतं वगळण्यासाठी होती. मी चुकीचं सांगितलं. चूक माझी आहे." एवढी वाईट अक्षरं मी जन्मात काढली नव्हती.

त्यानं वाचलं. माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं कागद खिशात ठेवला आणि स्टेजमागच्या दाराकडे पळत सुटला. दारावरच्या माणसानं अडवलं, तर त्याच्या हाताखालून वाकून आत घुसला. मी मागोमाग. उदयसिंह घाम पुसत बसला होता. क्षणभर त्याला ओळख पटेना.

"बिऱ्या? अरे, तू!" तो उठला. "'टँकर'मधला ढोल तुझाच की! मग तुझ्याच गावानं का असं केलं रे?"

बिरप्पाला ते कळलंच नाही. त्यानं उदयसिंहाचे दोन्ही हात धरले होते. "उदय, संचात घालू नगंस. कुटंच घालू नगंस. मला फकस्त एकदा ऐकू दे. ह्या कानात जरा हाय अजून. जरा हाय बघ."

उदयसिंह वाईट माणूस नव्हता, हे मला कबूल करावं लागतं. त्याचे डोळे भरले. टेप मुंबईला एका कपाटात आहे म्हणाला. काढलेलं गाणं म्हणून ती साफ करायला पाठवली नव्हती. "पाठवतो. आठवड्यात पाठवतो." माझा नंबर त्यानं स्वतःच्या हातानं लिहून घेतला.

आठवडा गेला. फेब्रुवारी गेला. रोज अकराला मी त्यांच्या ऑफिसात फोन करायचे आणि एक मुलगी गोड आवाजात सांगायची, "मॅडम, प्रोसेसमध्ये आहे." मी विचारायचे, "प्रोसेस म्हणजे कुठं, बाळ? कपाटात की टेबलावर? इथं एका माणसाचा कान बंद होतोय." ती म्हणायची, "हो मॅडम, मी कळवते." समोरच्या दारात बिरप्पा उभा असायचा, फोनवर बोलताना माझ्या तोंडाकडे बघत. मी नाही म्हणून मान हलवली की आत जायचा.

तो रोज कान तपासायचा. सकाळी कुकरजवळ बसून शिट्ट्या मोजायचा आणि सोजरबाईला विचारायचा, "तीन झाल्या न्हवं?" गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या, डाळ करपली, वास गल्लीत पसरला, आणि तो कुकरसमोरच बसून होता. सोजरबाई धावत माझ्याकडे आली. "बाई, त्येंचं बंद झालं वो. समदंच बंद झालं." दिवसभर तो मशीन काढत होता, घालत होता, बॅटरी बदलत होता. दोन नव्या बॅटऱ्या त्यानं दातानं चावल्या.

गाणं मे महिन्यात आलं. दुपारी माझ्या फोनवर, एका ओळीसकट: "उशीर झाला, सॉरी. उदय."

नको सांगायला, असंही मनात आलं. पण एकदा माझ्या शहाणपणानं त्याचं वाटोळं झालं होतं, आता आणखी काही ठरवायचा मला अधिकार नव्हता. मी समोर गेले. सोजरबाई कामावर होती. त्याच्याशी बोलायला आता पाटी ठेवली होती, तिच्यावर लिहून दाखवलं. त्यानं वाचलं, उठून दार लावून घेतलं आणि माझ्यासमोर मांडी घालून बसला.

"लावा," म्हणाला. आता तो ओरडूनच बोलतो, त्याला अंदाज येत नाही. "तुमी ऐका. आनी मी कसा वाजवलाय ते मला सांगा."

मी लावलं. टेप खरखरत होती. मग ढोल सुरू झाला. मला संगीतातलं काही कळत नाही. मला एवढंच कळलं की स्नेहसंमेलनात मला उठवणारा हाच हात होता, आणि तो माझ्यासमोर गुडघ्यावर ठेवलेला होता. गाणं संपलं. मी पाटीवर लिहिलं, "फार सुंदर वाजवलंस. कुठंही चुकला नाहीस."

त्यानं वाचलं आणि पाटी बाजूला भिरकावली.

"खोटं! बाई, खोटं बोलू नगा माझ्याशी! तिसऱ्या कडव्यात काठी सुटली हुती माझी हातातनं. दोन ठोकं नुसत्या हातानं मारल्यात. परत घ्यायचं म्हनलं तर वेळ संपली म्हनले. ते तुमाला ऐकू आलं न्हाय, म्हंजी तुमी माझं ऐकलंच न्हाय!" त्यानं फोनकडे बोट केलं. "परत लावा. नीट ऐका. तुमच्याबिगर कोन ऐकनार हाय?"

मी परत लावलं. फोन कानाला घट्ट दाबून धरला, दुसरा कान बोटानं बंद केला, डोळे मिटले. पहिलं कडवं. दुसरं. तिसऱ्याच्या मध्यावर काठीचा कडक आवाज अचानक गेला. तिच्या जागी दोन ठोके आले, बोथट, ओल्या हातानं मारल्यासारखे, आणि मग काठी परत.

मी फोन फरशीवर ठेवला, पाटी ओढून घेतली आणि लिहिलं, "हो. सुटली. दोन ठोके हातानं. मग काठी परत आली."

बिरप्पानं ते वाचलं. ओठ हलवत, एकेक अक्षर वाचलं.

"सुटली न्हवं?" तो ओरडला. "त्यो मीच हाय, बाई! त्यो मीच हाय!"

आणि तोंडावर दोन्ही हात घेऊन तो रडायला लागला. फोन बंद करायचं मला सुचलं नाही. आमच्या दोघांच्या मध्ये फरशीवर ते गाणं शेवटपर्यंत वाजत राहिलं.